ते काही औषध नव्हे हो!

संधिवाताच्या डॉक्टरांकडे दर भेटीला एक प्रश्न ठरलेला असतो. "मी दिलेल्या गोळ्यांशिवाय आणखी काही घेता का?" उत्तरही ठरलेलंच. "छे हो, काही नाही." हे उत्तर देणारा माणूस खोटं बोलत नसतो. संकष्टीला साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, दाण्याचा लाडू आणि वर दोन केळी खाऊन "आज पोटात काही नाही" म्हणणारा माणूस जितकं खरं बोलतो, तितकंच हेही खरं. उपासाचं ते खाणं नव्हे आणि व्हिटॅमिन ते औषध नव्हे, हा महाराष्ट्राचा जुना हिशेब आहे.

हे उत्तर देणाऱ्या व्यक्तीला लेखापुरतं काकू म्हणू. काकू डोंबिवलीत असतात, साताऱ्यात असतात, मडगावातही असतात. काकूच का, काका का नाहीत? तर स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या, म्हणजे ऑटोइम्यून, आजारांच्या दर पाच रुग्णांत जवळजवळ चार बायका असतात. पाचवे काका असतात, पण त्यांच्या गोळ्यांची नावंही काकूंनाच पाठ असल्यामुळे हिशेबात फरक पडत नाही.

काकूंची दोन दप्तरं असतात. एक प्लास्टिकची फाइल, तारीखवार लावलेली, जिच्यात एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट आणि मेथोट्रेक्सेट, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, थायरॉक्सिन अशी जडजड नावं असलेल्या चिठ्ठ्या. ही फाइल डॉक्टरांसाठी. दुसरी, साडीच्या दुकानाची कापडी पिशवी, कायम फ्रिजच्या डोक्यावर. तिच्यात कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या, ‘ड’ जीवनसत्त्वाच्या कॅप्सुला, अमेरिकेहून आलेली मल्टिव्हिटॅमिनची बरणी, केसांसाठीच्या रंगीत जेली आणि गुळवेलीची बाटली. ही पिशवी स्वतःसाठी. फाइल दवाखान्यात जाते, पिशवी जात नाही.

एखादे डॉक्टर मात्र जुने, मुरलेले असतात. ते "आणखी काही घेता का" असं विचारतच नाहीत. ते थेट नावं घेतात.

"कॅल्शियम?"

"ते घेते की. पण ते काही औषध नव्हे हो!"

"बी-कॉम्प्लेक्स?"

"तोंड आलं की तेवढंच."

"केसांसाठी?"

"ती गोळी नाहीच मुळी. जेली असते. नातसुद्धा खाते."

"काढा?"

"तो तर घरचाच."

मग डॉक्टर पेन खाली ठेवतात. बाहेर बसलेल्या रुग्णांना आपला नंबर आज अर्धा तास उशिरा लागणार हे इथं कळतं.

ऑटोइम्यून हा शब्द अवघड असला तरी ही भानगड मराठीला नवी नाही. कुंपणानंच शेत खावं, तसा हा प्रकार. रोगजंतूंना अडवण्यासाठी शरीरानं उभी केलेली राखण आपल्याच सांध्यांना, आपल्याच थायरॉइडला, कधी त्वचेला नि मूत्रपिंडाला चोर समजून बदडायला लागते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाउल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञानं असं मत मांडलं होतं की शरीराला स्वतःवर विष उगारण्याचा धसकाच असतो, त्यामुळे ते असं करणार नाही. एर्लिख मोठे होते, नोबेल मिळवलेले होते. त्यांच्या शब्दाच्या वजनाखाली हा विषय पुढची कित्येक वर्षं दबून राहिला. शरीर मात्र त्यांना न विचारता स्वतःला मारतच होतं.

१९१२ साली हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरनं चार बायकांच्या सुजलेल्या थायरॉइड ग्रंथींचं वर्णन छापलं. आज लाखो काकूंच्या फाइलीत ज्यांचं नाव आहे ते हेच हाशिमोटो. नेमक्या त्याच १९१२ साली लंडनमध्ये काझिमिर फुंक या पोलिश शास्त्रज्ञानं ‘व्हिटॅमिन’ हा शब्द वापरात आणला. म्हणजे फाइल आणि पिशवी, दोघींचं बारसं एकाच वर्षी झालं. फुंकसाहेबांचा समज होता की हे सगळे पदार्थ अमाइन जातीचे आहेत. तो चुकीचा निघाला. पण नावाच्या सुरुवातीला ‘व्हायटा’, म्हणजे जीवन, एकदा जाऊन बसलं ते बसलंच. मराठीनंही ते इमानानं ‘जीवनसत्त्व’ असं उतरवून घेतलं. आता ज्याच्या नावातच जीवन आणि सत्त्व दोन्ही आहेत, त्याचा त्रास कसा होईल? याच पदार्थाला ‘पूरक द्रव्य क्रमांक नऊ’ म्हटलं असतं, तर कुणी ते बॅगेत कपड्यांच्या घडीत घालून आणलं नसतं.

क्रमांक नऊ उगाच म्हटलं नाही. ब जीवनसत्त्वांच्या कुटुंबातला नववा मुलगा म्हणजे फॉलिक ॲसिड, आणि संधिवाताच्या घरात त्याच्याइतकी रंगतदार भाऊबंदकी दुसऱ्या कुठल्या गोळीची नाही.

या भाऊबंदकीचा पहिला अंक मुंबईत, परळला घडतो. १९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरण्यांमध्ये काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक विचित्र, जीवघेणा रक्तक्षय होत होता. हाफकिन संस्थेत बाईंनी उंदीर पाळले, माकडं पाळली, या बायकांच्या ताटात काय असतं आणि काय नसतं ते पाहिलं. शेवटी उपाय सापडला तो मार्माइटमध्ये. मार्माइट म्हणजे बिअर बनवताना उरलेल्या यीस्टचा काळा, खारट, चिकट लेप, जो इंग्रज माणूस पावाला लावून खातो आणि बाकीचं जग वास घेऊन बाजूला ठेवतं. तो खाऊन रुग्ण सुधारले. १९३१ साली बाईंनी ते छापलं. मार्माइटमध्ये नेमकं काय आहे हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून बरीच वर्षं त्याला ‘विल्स घटक’ म्हणत. १९४१ साली अमेरिकेत चार टन पालक उकळून, गाळून, आटवून त्यातून तोच पदार्थ अगदी चिमूटभर काढला गेला आणि लॅटिनमध्ये पानाला जे म्हणतात त्यावरून त्याचं नाव फॉलिक ॲसिड पडलं. चार टन पालक निवडायला किती बायका बसल्या असतील, हा प्रश्न कुठल्याही शोधनिबंधात विचारलेला नाही.

दुसरा अंक अमेरिकेतला, पण नायक भीमावरमचा. येल्लाप्रगडा सुब्बाराव मद्रासला वैद्यकी शिकत असताना गांधीजींच्या हाकेला ओ देऊन खादीचा गाऊन घालत, त्यामुळे इंग्रज प्राध्यापकांची मर्जी खप्पा झाली आणि पूर्ण पदवीऐवजी कमी प्रतीचा दाखला हातात पडला. १९२३ साली ते बोस्टनला गेले. पुढे लेडर्ले कंपनीत त्यांच्या हाताखालच्या चमूनं १९४५ च्या सुमारास फॉलिक ॲसिड प्रयोगशाळेत बनवलं. सुब्बारावांचे भाऊ ज्या आजारानं गेले, तो स्प्रू नावाचा पोटाचा विकारही याच जीवनसत्त्वानं आटोक्यात येऊ लागला.

इथवर गोष्ट सरळ आहे. पण बोस्टनच्या सिडनी फार्बर या डॉक्टरांच्या लक्षात आलं की रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना फॉलिक ॲसिडसारखे पदार्थ दिले की रोग उलट जोर धरतो. म्हणजे रोगाला फॉलिक हवंय. मग त्याचा तोतया बनवला तर? सुब्बारावांच्या चमूनं तोही बनवला. दिसायला हुबेहूब फॉलिक, पण पेशीतल्या ज्या कुलपात फॉलिकची किल्ली फिरते, त्यात हा जाऊन अडकून बसतो आणि खऱ्याला बाहेरच ताटकळत ठेवतो. १९४८ साली फार्बरनी त्याचे पहिले निकाल छापले. या तोतयांच्या घराण्यातला पुढं टिकलेला वारस म्हणजे मेथोट्रेक्सेट. १९५१ साली याच घराण्यातलं औषध संधिवाताच्या काही रुग्णांना देऊन पाहिलं आणि सांधे निवळले. पण तेव्हा कॉर्टिसोन या स्टेरॉइडची चलती होती, म्हणून या गोष्टीकडे फारसं कुणी पाहिलं नाही. अमेरिकेत मेथोट्रेक्सेटला संधिवातासाठी रीतसर मान्यता मिळाली ती थेट १९८८ साली.

तर अशी ही जोडी. एकाच कारखान्यात जन्मलेली, रंगानं दोघंही पिवळे, आणि एकाचं काम दुसऱ्याला दारात अडवण्याचं. डॉक्टर मात्र दोघांना एकाच चिठ्ठीवर नांदवतात. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून फक्त एकदा, आणि त्यानं फॉलिकची जी नाकेबंदी होते तिची भरपाई म्हणून फॉलिक ॲसिड, कुणाला दुसऱ्या दिवशी, कुणाला तो दिवस सोडून रोज. या भरपाईमुळे मळमळ कमी होते, यकृतावरचा ताण कमी होतो आणि सांध्यांवरचा गुण जवळपास तसाच राहतो, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. मेथोट्रेक्सेटच्या दिवशी फॉलिकचा मेगाब्लॉक, एवढं मुंबईकर काकूंना सांगितलं तर पुरतं. इंग्लंडमध्ये रुग्णांना ‘मेथोट्रेक्सेट मंडे, फॉलिक फ्रायडे’ असं पाठ करायला लावतात. आपल्याकडे मंगळवारी मेथो हे चाललं असतं, पण बऱ्याच काकू शनिवारची रात्र निवडतात. मळमळलं तर रविवार असतो आणि रविवारी स्वयंपाक काका करतील अशी, फारसा आधार नसलेली, आशा असते.

गोंधळ होतो तो नावांत. बाजारात मेथोट्रेक्सेटची एक खपणारी गोळी फॉलिट्रॅक्स नावानं मिळते आणि फॉलिक ॲसिडची फॉलवाइट नावानं. दोन्ही बारीक, दोन्ही पिवळ्या. चष्मा कपाटावर आणि काकू स्वयंपाकघरात असल्या, की आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी रोज आणि रोजची आठवड्यातून एकदा असा अदलाबदलीचा खेळ होऊ शकतो. इथं विनोद बाजूला ठेवायला हवा. मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतल्यामुळे अस्थिमज्जा कोलमडून माणसं दगावल्याच्या नोंदी अनेक देशांत आहेत. आणि तोंडात फोड येणं हे त्याचं एक लवकर दिसणारं लक्षण. ते दिसलं की मराठी घरात प्रतिक्षिप्त क्रियेसारखं काय होतं? "तोंड आलंय? बी-कॉम्प्लेक्स घे." डॉक्टरांना फोन करण्याऐवजी दोन रुपयांची गोळी घेतली जाते आणि दोन दिवस आणखी जातात.

मुलानं परदेशातून पाठवलेली गोळ्यांची डबी या बाबतीत मदतीला येते असं वाटतं. सात कप्पे, झाकणांवर अक्षरं: एस, एम, टी, डब्ल्यू, टी, एफ, एस. दोन टी आणि दोन एस. डॉक्टरांनी सांगितलेला शनिवार कुठल्या एसमध्ये, यावर काका-काकूंचा दर आठवड्याला वाद. मराठीत हा प्रश्नच नाही. सो, मं, बु, गु, शु, श, र. सातही निराळे, शु आणि श यांची शेजारधर्मापुरती सलगी. स्केच पेन घेऊन झाकणांवर एवढं लिहिलं तरी काम भागतं, आणि नातवंडांचं मराठीही सुधारतं.

ऑटोइम्यून आजारांची आणखी एक खोड अशी की ते सहसा एकटे येत नाहीत. आमंत्रण एकाला, येतात सहकुटुंब सहपरिवार. संधिवाताबरोबर थायरॉइड, थायरॉइडबरोबर आणखी कुणीतरी. त्यामुळे काकूंचं सकाळचं वेळापत्रक मध्य रेल्वेच्या तोंडात मारील असं असतं. थायरॉक्सिन उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. नंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. स्टेरॉइडनं हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्यातून एकदा ॲलेंड्रोनेट. तीही उपाशीपोटीच, पेलाभर पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. म्हणजे त्या दिवशी एका रिकाम्या पोटावर दोन दावेदार, चाळीतल्या नळासारखे. कॅल्शियम जेवणाबरोबर चांगलं, पण थायरॉक्सिनपासून चार तास लांब, नाहीतर दोघं आतड्यातच गळ्यात गळे घालून बसतात आणि थायरॉक्सिन रक्तात पोचतच नाही. लोहाचंही तसंच, शिवाय लोह कॅल्शियमबरोबर नको आणि चहाबरोबर तर नकोच. ॲसिडिटीचं गुलाबी औषध हायड्रॉक्सिक्लोरोक्विनपासून चार तास दूर. आता महाराष्ट्रात चहापासून सगळ्या बाजूंनी लांब असा वेळ म्हणजे रात्री दोन ते चार.

यावर काकूंनी शोधलेला तोडगा साधा असतो. "एकदाच काय ते घेऊन टाकते." सकाळी आठ वाजता, पोह्यांनंतर, चहाच्या घोटाबरोबर, मूठभर. फाइलीतलं आणि पिशवीतलं सगळं एकत्र. तीन महिन्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉइड मंदावल्याची खूण, वाढलेला येतो. डॉक्टर थायरॉक्सिनची मात्रा वाढवतात. काकू शेजारणीला सांगतात, "गोळीचा काही उपयोग नाही बघ, वाढतच चाललंय. त्यापेक्षा कॅल्शियमनं जरा बरं वाटतं."

पण थायरॉइड आणि पिशवीचा खरा वग रंगतो तो बायोटिनमुळे.

थायरॉइड बिघडला की केस गळतात. केस गळले की काकू बायोटिन घेतात. आणि बायोटिन घेतलं की थायरॉइड नव्हे, थायरॉइडची तपासणी बिघडते. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं, आणि ते अंडी, दाणे, डाळी यांतून सहज मिळतं. केसांसाठी विकल्या जाणाऱ्या गोळ्यांवर मात्र अभिमानानं १०,००० मायक्रोग्रॅम छापलेलं असतं. तीनशेपट. एका वाटीची आमटी लागते तिथं गावजेवणाचं पातेलं. जास्तीचं बायोटिन शरीर लघवीवाटे टाकून देतं, त्यामुळे माणसाला सहसा काही होत नाही. गोची प्रयोगशाळेत होते. रक्त तपासणाऱ्या कित्येक यंत्रांमध्ये हार्मोन पकडण्यासाठी जो गळ टाकलेला असतो, त्याचा आकडाच बायोटिनचा असतो. रक्तात बायोटिनचा पूर आला की यंत्र चक्रावतं आणि टीएसएच खोटा कमी, थायरॉइड हार्मोन खोटे जास्त दाखवतं. कागदावर काकूंची मंद पडलेली ग्रंथी अचानक घोड्यासारखी उधळलेली दिसते. डॉक्टर गोळी कमी करतात. गोळी कमी केली की केस आणखी गळतात. मग बायोटिन दुप्पट.

हे कल्पित वाटलं तर २०१६ साली नोंदलेलं एक प्रकरण पाहावं. मल्टिपल स्क्लेरोसिस हाही ऑटोइम्यून आजार. त्यावर तेव्हा रोज ३०० मिलिग्रॅम बायोटिनचा प्रयोग चालू होता. अशा एका रुग्णाचे रिपोर्ट पाहून डॉक्टरांना वाटलं, याला ग्रेव्हज हा थायरॉइडचा दुसराच आजार झाला. ग्रेव्हजची प्रतिपिंडंसुद्धा रिपोर्टात होती. माणूस मात्र धडधाकट थायरॉइड घेऊन समोर बसलेला. बायोटिन थांबवलं आणि आजार कागदावरून नाहीसा झाला. ज्याच्यासाठी तो सगळा खटाटोप होता, त्या मल्टिपल स्क्लेरोसिसवरही बायोटिनचा उपयोग नाही असं २०२० साली मोठ्या चाचणीत दिसलं. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं २०१७ साली बायोटिनमुळे तपासण्या चुकतात असा इशारा दिला. हृदयविकाराची तपासणी खोटी कमी येऊन एक रुग्ण दगावल्याचाही त्यात उल्लेख होता. थायरॉइडच्या तपासणीआधी निदान दोन दिवस बायोटिन बंद ठेवा, एवढंच सांगणं आहे. रक्त घ्यायला घरी येणारा मुलगा "उपाशी आहात ना?" हे आठवणीनं विचारतो. "जेली खाल्ली का?" हे कुणी विचारत नाही.

‘ड’ जीवनसत्त्वाबद्दल बोलताना मात्र जीभ जरा आवरायला हवी, कारण त्याची बाजू भक्कम आहे. स्टेरॉइड घेणाऱ्याला ते हाडांसाठी लागतंच. ल्युपस या ऑटोइम्यून आजाराच्या रुग्णाला तर ऊन वर्ज्य. गच्चीवर बसा म्हणणाऱ्या शेजारणी एकीकडे आणि छत्री घ्या म्हणणारे डॉक्टर दुसरीकडे, अशा वेळी कॅप्सूलच उन्हाचं काम करते. अमेरिकेत २५,८७१ लोकांवर झालेल्या मोठ्या चाचणीत, रोज २,००० युनिट ‘ड’ सुमारे पाच वर्षं घेणाऱ्यांना ऑटोइम्यून आजार २२ टक्क्यांनी कमी झाले, असं २०२२ साली प्रसिद्ध झालं. ही बातमी व्हॉट्सॲपवर पोचेपर्यंत ‘ड नं संधिवात बरा होतो’ अशी झाली होती. ती माणसं आजार व्हायच्या आधीपासून घेत होती आणि रोज बेताचं घेत होती, हे दोन्ही मुद्दे वाटेत गळले.

आपल्याकडे मिळणारी कॅप्सूल किंवा दुधात टाकायची पुडी असते ६०,००० युनिटची. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनं प्रौढांसाठी रोजची गरज धरली आहे ६०० युनिट. म्हणजे एका पुडीत शंभर दिवसांचा शिधा. म्हणूनच ती आठवड्यातून एकदा, तीही ठरावीक आठवडे. ‘ड’ चरबीत विरघळतं, साठून राहतं. ती पुडी रोज घेतली तर रक्तातलं कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठ, तहान, शेवटी मूत्रपिंडावर घाला, असे रुग्ण भारतात वारंवार येतात. जाता जाता सांगायचं तर हे ‘ड’ बहुतेकदा मेंढीच्या लोकरीतून धुऊन काढलेल्या मेणचट चरबीवर अतिनील किरण सोडून बनवतात. बारा महिने ऊन पडणाऱ्या मुलखातल्या काकू, मेंढीच्या पाठीवरचं ऊन कॅप्सुलात भरून, चतुर्थीच्या दिवशीही घेतात. घोंगडं पांघरतो तर घोंगड्याची गोळी का नको, असं म्हटलं तर तेही खरंच.

२०२० साली तर जगच उफराटं झालं. काकूंची हायड्रॉक्सिक्लोरोक्विन करोनावर चालते अशी हवा उठली. मार्चमध्ये सरकारनं तिची निर्यात रोखली, एप्रिलमध्ये ट्रम्पसाहेबांनी मागितल्यावर थोडी सोडली, आणि ल्युपस-संधिवाताचे रुग्ण औषधाच्या दुकानांतून हात हलवत परत येऊ लागले. त्याच वेळी सोसायटीत ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ मोहीम निघाली. म्हणजे राखणीला शांत करणारी काकूंची गोळी सोसायटीनं खाल्ली, आणि राखणीला चेव आणणारा सोसायटीचा काढा काकूंनी प्यायला. कुंपणच शेत खात असताना कुंपणाला खत घालण्याचा हा प्रकार. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद छापली. यकृताची ती सूज ऑटोइम्यून आजारासारखी होती. आयुष मंत्रालयानं हरकत घेतली की ती खरी गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असावी. पुढच्या वर्षी अनेक शहरांतल्या डॉक्टरांनी मिळून ४३ रुग्णांचा अहवाल दिला. वाद चालू राहिला. काकूंच्या गच्चीतल्या कुंडीत नेमकी कुठली वेल आहे, हे काकूंनाही माहीत नाही आणि मंत्रालयालाही नाही; ऑटोइम्यून आजाराच्या माणसानं ती डॉक्टरांना न सांगता पिऊ नये, एवढं दोन्ही बाजूंनी मान्य व्हायला हरकत नसावी.

अमेरिकेहून येणाऱ्या बरणीबद्दल घरात वेगळाच आदर असतो. "तिकडची आहे, तपासूनच विकत असणार." १९९४ सालच्या अमेरिकी कायद्यानुसार पूरक गोळ्या बाजारात आणण्याआधी त्यांचा गुण सरकारला सिद्ध करून दाखवावा लागत नाही. औषधाला जी परीक्षा असते, ती गोळीला माफ. त्या बरणीतल्या एखाद्या ‘हरित मिश्रणात’ अल्फाल्फा असतं. ल्युपसच्या रुग्णांना ते टाळायला सांगतात, कारण त्यात कॅनाव्हेनिन नावाचा पदार्थ असतो. १९८२ साली माकडांना अल्फाल्फाचे मोड खाऊ घातले, तेव्हा त्यांच्यात ल्युपससारखी लक्षणं दिसली. अल्फाल्फा म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, आपली लसूणघास. सातारा-सांगलीकडे ती भारे बांधून म्हशींना घालतात. तीच डॉलर मोजून, विमानानं आणून, काकूंना घातली जाते. म्हशीला ल्युपस नसतो, हा फरक.

हे वाचून पिशवी कचऱ्यात टाकायला कुणी उठत असेल तर बसावं. पर्निशियस ॲनिमिया नावाच्या ऑटोइम्यून आजारात पोटाचं अस्तरच मार खातं, बी-१२ शोषलं जात नाही, आणि तिथं जीवनसत्त्व हेच औषध असतं. १९२६ साली मायनट आणि मर्फी या डॉक्टरांनी त्यावर रोज पावशेरभर यकृत खायचा उपाय शोधला आणि १९३४ साली त्यांना नोबेल मिळालं. खाणाऱ्यांना काही मिळालं नाही. आज ठरावीक काळानं एक इंजेक्शन पुरतं. इथंही फॉलिक ॲसिड आपली खोड सोडत नाहीच: बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक घेतलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि आत नसांची झीज चालूच राहते. म्हणजे पिशवीतली एक गोळी दुसरीची उणीव झाकते, आणि दोन्ही फाइलीत नसतात.

तेव्हा पुढच्या भेटीला फाइलीबरोबर फ्रिजवरची पिशवीही उचला. जेली, बरणी, पुड्या, सगळ्या. काढ्याच्या बाटलीचं झाकण मात्र घट्ट लावा, नाहीतर रिपोर्ट भिजतात.